तुती, कमळ आणि शेवंती : जुन्या चिनी काव्यातील स्त्रीसौंदर्य



ज्याचे उभे आयुष्य विडी कामगार स्त्रियांच्या संघटनेत गेले, त्या माणसाने चिनी काव्यातील स्त्रीसौंदर्यावर का बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. मला आमंत्रण देणाऱ्या चिटणिसांनाही तो पडला होता. पण ते सभ्य गृहस्थ असल्यामुळे त्यांनी तो विचारला नाही. तेव्हा मीच उत्तर देऊन टाकतो. मला चिनी भाषा येत नाही. शाळा सातवीत सुटली. इंग्रजी शिकलो ते कामगार कायद्याची कलमे वाचता यावीत म्हणून, आणि तेवढ्या भांडवलावर पुढे हाताला लागेल ते वाचीत गेलो. आर्थर वेली या इंग्रज पंडिताने १९३७ साली भाषांतरित केलेले प्राचीन चिनी गीतांचे पुस्तक मला जुन्या पुस्तकांच्या गाडीवर मिळाले, आणि त्या दिवसापासून हा नाद लागला.

नाद हा नादच राहिला असता. परंतु काही वर्षांपूर्वी महिला दिनाच्या आमच्या सभेत एका पाहुण्यांनी स्त्री म्हणजे फूल, स्त्री म्हणजे वेल, असे फार रसाळ भाषण केले. ते खाली बसतात न बसतात तोच पुढच्या रांगेतली एक म्हातारी मला म्हणाली, "अण्णा, फुलाला दिवसाला हजार विड्या वळाव्या लागत नाहीत." सभा हसली, पाहुणेही हसले. मी मात्र घरी येऊन त्या चिनी कविता पुन्हा उघडल्या. ज्या काव्यात स्त्रीला फूल म्हटले आहे, त्याच काव्यात पाने-फुले खुडणाऱ्या स्त्रियाही जागोजाग आहेत, हे मी वाचलेले होते. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. आज त्या तशा ठेवून आपल्याला दाखवणार आहे.

चिनी काव्याचा आरंभ 'शीजिंग', म्हणजे गीतांचा ग्रंथ, येथून होतो. त्यात ३०५ गीते आहेत आणि ती इसवी सनापूर्वीच्या सुमारे अकराव्या ते सातव्या शतकातली मानतात. त्यांतली १६० निरनिराळ्या राज्यांतली, लोकगीतांच्या वळणाची आहेत. त्यांतल्या एका गीतात वेई राज्याच्या ज्वांग जियांग नावाच्या राणीचे वर्णन येते. बोटे कशी, तर गवताच्या कोवळ्या पांढऱ्या कोंबांसारखी. त्वचा थिजलेल्या चरबीसारखी. मान लाकूड पोखरणाऱ्या पांढऱ्या अळीसारखी. दात दुधीच्या बियांसारखे. कपाळ झाडावर किरकिरणाऱ्या किड्यासारखे रुंद, आणि भुवया पतंगाच्या मिशांसारख्या. आपल्याला हसू येते, येणारच. पण आपणही दातांना डाळिंबाचे दाणे म्हणतो आणि नाकाला चाफेकळी. तिथे आपल्याला हसू येत नाही, कारण कानाला सवय झालेली आहे. चरबी म्हटली की आपल्या मनात ओशटपणा येतो. त्या गीतकाराला तिच्यातला गोरा तुकतुकीतपणा दिसला. मला या वर्णनात एक गोष्ट फार भावते. ते रचणारा माणूस राजवाड्यात उभा असला तरी त्याची नजर परसात, स्वयंपाकघरात आणि शेताच्या बांधावर तयार झालेली आहे. पुढे दोन हजार वर्षे चिनी भाषेत 'पतंग-भुवया' हा शब्द सुंदर स्त्री या अर्थानेच चालला. ज्या देशात घरोघरी रेशमाचे किडे पाळीत, तिथे पतंगाच्या मिशा निरखून पाहायला बायकांना दूर जावे लागत नसणार.

दुसऱ्या एका गीतात रथात बसलेल्या मुलीचा चेहरा जास्वंदीच्या कुळातल्या एका फुलासारखा आहे. हे फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते. येथे मात्र आपण सावध व्हावे. फुलाशी तुलना केली की त्याच्या पाठोपाठ कोमेजणे येतेच, आणि पुढच्या अनेक शतकांच्या चिनी काव्याने या कोमेजण्यावर किती शाई खर्च केली, त्याला मोजमाप नाही.

पण या जुन्या गीतांत वनस्पतीचे काम बहुधा निराळे असते. चिनी टीकाकारांनी गीतरचनेच्या तीन रीती सांगितल्या आहेत : सरळ वर्णन, उपमा, आणि तिसरी 'शिंग'. या शिंगमध्ये कवी आरंभी एखादे झाड, पक्षी, पाऊस समोर ठेवतो आणि लगेच माणसाच्या गोष्टीकडे वळतो. दोहोंचा संबंध काय, हे सांगत नाही. तो आपण लावायचा. पीचच्या झाडाचे एक छोटे गीत आहे. तीन कडवी, पहिल्यात झाडाची झळाळती फुले, दुसऱ्यात भरघोस फळे, तिसऱ्यात दाट पाने, आणि प्रत्येक कडव्यात नवी नवरी सासरी निघालेली. ती दिसायला कशी आहे याबद्दल एक अक्षरही नाही. तिचे रूप, तिची मुलेबाळे, तिच्यामुळे भरणारे घर, सगळे झाडानेच सांगितले. दुसऱ्या एका गीतात 'मेइ' नावाची आंबट फळे झाडावरून गळताहेत. प्रत्येक कडव्यागणिक झाडावरची फळे कमी होतात आणि बोलणाऱ्या मुलीची घाई वाढत जाते, की ज्याला मागणी घालायची त्याने आता उशीर करू नये. येथे स्त्री स्वतः बोलते आहे. आणि झाड हे तिचे रूप नसून तिचे पंचांग आहे.

आता ज्या गीतासाठी मी हा सगळा खटाटोप मांडला, त्याकडे येतो. ते शीजिंगमधले अठ्ठावन्नावे गीत. एक माणूस कापड घेऊन रेशमाच्या बदल्यात सौदा करायला येतो. सौदा हे निमित्त; त्याला ती मुलगी हवी आहे. ती त्याच्यात गुंतते, आपले सामान त्याच्या गाडीत घालून त्याच्या घरी जाते. मग मधेच तुतीचे झाड येते. पाने गळण्याआधी किती तुकतुकीत असतात, असे ती म्हणते, आणि कवड्या पक्ष्यांना बजावते की तुतीची फळे खात सुटू नका. पुढे तीच पाने पिवळी पडून गळतात. तीन वर्षे ती त्या घरात पहाटे उठली, रात्री उशिरा निजली, घरकामात एक दिवस चुकली नाही. आणि बस्तान बसल्यावर नवरा हात उगारू लागला. भावांना हे कळत नाही, ते हसतात. ती एकटी बसून आपल्या नशिबाचा हिशेब करते.

आता ही तुतीच का, असा प्रश्न विचारला पाहिजे. रेशमाचा किडा तुतीच्या पाल्यावर जगतो. सुमारे चार आठवडे तो सारखा खात असतो. पाला ताजा लागतो, दिवसातून अनेक वेळा घालावा लागतो, आणि शेवटच्या दिवसांत तर रात्रीचीही उसंत नसते. हे काम जुन्या चीनमध्ये बायकांचे. तेव्हा या स्त्रीने तुतीचे पान आयुष्यभर हातात धरलेले आहे. कोणते घ्यायचे, कोणते टाकायचे, हे तिला बोटांनी कळते. पिवळे पान किड्याच्या उपयोगाचे नाही. आमच्या बायकांना तेंदूचे पान हाताला लागताच ते वळेल की फाटेल हे कळते, तसेच हे. म्हणजे आपले ओसरलेले तारुण्य मोजायला तिने जे माप घेतले, ते तिच्या धंद्यातले आहे. बागेत फिरणाऱ्या एखाद्या गृहस्थाला ही उपमा सुचली नसती. आणि त्यात दुःख आहे तसा आरोपही आहे : मालाप्रमाणे मला पारखले, वापरले आणि टाकले. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही फिर्याद मी पहिल्यांदा वाचली तेव्हा, खरे सांगतो, कार्यालयात तक्रार घेऊन आलेल्या बाईसमोर कागद पुढे ओढून लिहायला बसावे, तसा हात आपोआप पुढे गेला होता.

तुतीचे बन हे एकांताचे ठिकाण, आणि एकट्या कामकरी बाईला एकांतात कोण गाठील याचा नेम नसतो. शीजिंगमधल्याच 'सातवा महिना' या दीर्घ गीतात मुली खोल टोपल्या घेऊन कोवळा तुतीपाला आणायला निघतात, आणि धन्याच्या मुलाच्या उल्लेखाबरोबर एकीचे मन काळवंडते. जुन्या टीकाकारांनी त्याचे सोज्ज्वळ अर्थ लावले आहेत. मला ते पटत नाहीत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील ल्यू शियांग याच्या स्त्रीचरित्रांच्या ग्रंथात छ्यू हू नावाच्या माणसाची गोष्ट आहे : वर्षानुवर्षांनी घरी परतताना हा वाटेत तुती तोडणाऱ्या एका स्त्रीला सोन्याची लालूच दाखवतो; घरी पोचल्यावर कळते की ती त्याचीच बायको. ती नदीत जीव देते.

या पार्श्वभूमीवर लो-फूचे गीत वाचले पाहिजे. ते हान काळातले. हे घराणे इसवी सनपूर्व २०६ ते इसवी सन २२० पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, राज्यावर होते. लो-फू रेशमाच्या कामात तरबेज आहे. ती टोपली घेऊन तुतीकडे जाते. तिच्या टोपलीची दोरी रेशमाची, अडकवायचा आकडा सुगंधी लाकडाचा. केसांची बांधणी, कानातले मोती, वस्त्रांचे रंग, सगळे सांगितले आहे. चेहरा? चेहऱ्याबद्दल काही नाही. ना कमळ, ना पीच. त्याऐवजी कवी रस्त्यावरच्या लोकांकडे वळतो. ओझे वाहणारा ओझे खाली ठेवून दाढी कुरवाळतो. नांगरणारा नांगर विसरतो. तरुण डोक्यावरचे काढून नीट करतात. नंतर घरी गेल्यावर भांडणे होतात, कारण सगळे लो-फूला पाहत बसले होते. अख्ख्या शिवारात काम बंद, आणि तेही कोणी हाक न देता! मी तीस वर्षे या कामात आहे; इतका एकमुखी संप मला कधी करता आला नाही.

मग पाच घोड्यांच्या गाडीतून मोठा अंमलदार येतो आणि चौकशी करून, माझ्याबरोबर चलतेस का, म्हणून विचारतो. ती त्याला तोंडावर मूर्ख ठरवते : तुम्हाला तुमची बायको आहे, मला माझा नवरा आहे. आणि मग नवऱ्याची थोरवी सांगू लागते. पंधराव्या वर्षी कारकून, विसाव्या वर्षी दरबारी, चाळिशीत शहराचा अधिपती. तुती तोडणाऱ्या बाईचा नवरा एवढा मोठा कसा, म्हणून विद्वानांनी पुष्कळ काथ्याकूट केला आहे. मला ती सरळ थाप वाटते, आणि थाप म्हणूनच आवडते. अंमलदाराला अंमलदाराखेरीज दुसरी भाषा कळत नाही, हे तिने ओळखले आहे.

येथपर्यंत स्त्री खुडणारी होती. ती खुडली जाणारी कशी झाली, ते आता थोडक्यात पाहू. दक्षिणेतल्या छू राज्याचा छ्यू युआन, इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकातला, याने आपल्या दीर्घ काव्यात सुगंधी वनस्पतींची नुसती रेलचेल केली. पण त्यातली सुंदर स्त्री ही पुष्कळदा तो स्वतःच आहे. राजाची मर्जी गमावलेला प्रधान स्वतःला मत्सराने घेरलेली रूपवती म्हणवतो आणि अंगावर कमळाच्या पानांची वस्त्रे घालतो. या युक्तीमुळे पुढे दोन हजार वर्षे चिनी पंडितांना कुठल्याही विरहिणीच्या मागे एक नाराज कारकून दिसू लागला.

सहाव्या शतकात लिआंग घराण्याच्या दरबारी श्यू लिंग याने स्त्रीविषयक कवितांचा एक मोठा संग्रह केला. 'जेड मंचावरची नवी गीते' असे त्याचे नाव. त्यातल्या दरबारी कवितांत स्त्री घराबाहेर पडतच नाही. ती पडद्याआड वाट पाहते, आरशासमोर बसते, निजते. युवराज शियाओ गांगने निजलेल्या बायकोवर कविता केली. चटईची नक्षी तिच्या मनगटावर उमटली आहे हे त्याने बारकाईने टिपले. वनस्पती आता केसांतल्या काट्यावर, भरतकामावर आणि पडद्यावरच्या सावलीत उरली. कसब मोठे आहे, नाही असे नाही. पण त्या महालात पाणी कोण भरत होते, असा प्रश्न माझ्यासारख्याच्या मनातून जात नाही. गंमत अशी की, लो-फूचे गीतही याच संग्रहात आहे.

त्याच काळात नदीकाठची साधी गाणी मात्र शब्दांशी निराळा खेळ खेळत होती. चिनी भाषेत कमळाचा 'लिएन' आणि प्रेमाचा 'लिएन' उच्चाराला एक. कमळाचा कंद 'ओउ' तसा जोडीलाही 'ओउ'. रेशमाचा धागा 'स्स' तशी ओढही 'स्स'. तेव्हा मुलगी गाण्यात कमळ शोधते असे म्हणते ते प्रेमच शोधत असते, आणि कंद मोडला तरी आतले तंतू तुटत नाहीत, यात सगळे आले. कमळे काढणे हे चिखलात हात घालायचे काम. बिया आणि कंद खाण्यासाठी काढीत. दरबाराने त्याची नाजूक गाणी आणि नाच केले. तरी थांग काळात वांग चांगलिंग या कवीने त्या दृश्याला पुन्हा जीव दिला : मुलींची वस्त्रे पानांच्या रंगात आणि चेहरे फुलांत असे मिसळून गेले आहेत की त्या दिसत नाहीत, गाणे ऐकू आले तेव्हा कळले की तळ्यात माणसे आहेत. उपमा जुनीच, पण तिला आवाज फुटला.

विलोचे झाड घ्या. आपल्याकडे नदीकाठी वाळुंज असते, ते याच कुळातले. चिनी विलोच्या फांद्या मात्र जमिनीकडे लोंबतात. विलो म्हणजे कंबर, विलोचे पान म्हणजे भुवई. निरोप देताना विलोची फांदी मोडून देत, कारण 'ल्यू' म्हणजे विलो आणि 'राहा' असे म्हणायलाही 'ल्यू'च. पण फुले आणि विलो यांच्या गल्ल्या म्हणजे वेश्यावस्ती, हाही त्याच भाषेतला वाक्प्रचार. जी वस्तू कोणीही मोडून घ्यावी, तिचे नाव स्त्रीला दिले की गोष्ट कुठे जाते ते पाहा.

थांग सम्राट श्वानजुंग याने ली बाय या महाकवीला बोलावून आपल्या लाडक्या यांग गुएफेईवर गीते करून घेतली; बागेत पिओनीची मोठाली फुले फुलली होती, आणि तीन छोट्या गीतांत फूल कोणते आणि स्त्री कोणती हे कळेनासे होते. दरबाराने वाहवा केली. पुढे आन लूशानचे बंड झाले, राजधानी सोडून पळताना ७५६ साली मावेइ येथे रुसलेल्या सैनिकांनी तिचा बळी मागितला आणि सम्राटाने तो दिला. पन्नास वर्षांनी, ८०६ साली, बाय जूयी याने या कथेवर दीर्घकाव्य लिहिले. त्यात सम्राट परत येतो तेव्हा तळ्यात कमळे आहेत, वाड्यात विलो आहेत, आणि त्या कमळांत त्याला तिचा चेहरा दिसतो, विलोत भुवया. उपमा अगदी शिळ्या. परंतु बाय जूयीने त्या उलट्या फिरवल्या. फुलासारखी स्त्री गेली, फूल दरवर्षी येतेच आहे, आणि ज्याने तिला वाचवले नाही त्याला ते पाहावे लागते आहे.

या बाय जूयीबद्दल थोडे अधिक बोलतो, कारण हा माणूस माझ्या मनातून उतरतही नाही आणि पूर्ण बसतही नाही. याच्या एका कवितेत राजधानीत पिओनी विकत घेण्याची झुंबड उडाली आहे. एक म्हातारा शेतकरी पाहतो आणि सुस्कारा टाकतो, कारण गडद रंगाच्या एका गुच्छाची किंमत दहा मध्यम कुटुंबांच्या कराएवढी आहे. कर म्हणजे काय, तर थांग राज्याच्या आरंभीच्या पद्धतीत धान्य, वर्षाला वीस दिवसांची वेठ, आणि घरच्या बायकांनी विणलेले कापड. ७८० साली पद्धत बदलली, भार राहिला. दुसऱ्या कवितेत तो एका अपूर्व रेशमी वस्त्राचे वर्णन करतो, त्यावर विणलेली पांढरी फुले दाखवतो, आणि विचारतो की हे विणते कोण आणि नेसते कोण. विणणाऱ्या यूए प्रांतातल्या गरीब मुली, हात दुखेस्तोवर. नेसते राजवाड्यातली नर्तकी, आणि घामाचे डाग पडले की ते वस्त्र चिखलातून ओढीत जाते. फुलाकडे पाहून ते फूल कोणाच्या बोटांनी केले हे विचारणारा कवी मला त्या काळात दुसरा ठाऊक नाही. आणि त्याच माणसाच्या घरी नाचगाण्यासाठी ठेवलेल्या स्त्रिया होत्या. एकीचे तोंड चेरीसारखे आणि दुसरीची कंबर विलोसारखी, ही त्याची ओळ म्हणून सांगितली जाणारी उपमा आजही चिनी माणसांच्या तोंडी आहे. आमच्या चळवळीतही असे लोक पाहिले आहेत, म्हणून फार आश्चर्य वाटत नाही.

दू फू मात्र येथे कमी पडत नाही. ७५९ साली, त्याच बंडाच्या धुमाळीत लिहिलेल्या त्याच्या एका कवितेत चांगल्या घरची टाकलेली बाई डोंगराच्या घळीत राहते. भाऊ मारले गेले, नवऱ्याने दुसरी केली. दासी मोती विकायला जाते. परतल्यावर दोघी वेली ओढून छप्पर शाकारतात. ती फूल खुडते, पण केसांत घालीत नाही. आपल्या बागांतल्या मोरपंखीच्या जातीच्या झाडाचा पाला मात्र ओंजळभर गोळा करते, आणि संध्याकाळी थंडीत पातळ बाह्यांनिशी उंच बांबूला टेकून उभी राहते. ते झाड हिवाळ्यात हिरवे राहते आणि बांबू वाकला तरी मोडत नाही, हे चिनी वाचकाला सांगावे लागत नाही. कविता तिला सुंदर म्हणते आणि कुठल्याही फुलाशी तिची तुलना करीत नाही.

हे सारे पुरुषांनी लिहिलेले. आता शेवटी एक स्त्री. ली छिंगझाओ, जन्म १०८४, शानतुंग प्रांतातली. नवरा झाओ मिंगचंग. दोघांना जुनी पुस्तके आणि शिलालेखांचे ठसे जमवण्याचा नाद, इतका की कपडे गहाण टाकून खरेदी करीत. तिच्या तरुणपणच्या एका छोट्या गीतात रात्री वारा-पाऊस झालेला आहे. सकाळी ती पडदा गुंडाळणाऱ्या दासीला बागेतल्या फुलझाडाचे विचारते. हे झाड रानसफरचंदाच्या जातीचे. दासी म्हणते, आहे तसेच आहे. ती म्हणते, नाही, आता हिरवे माजले असेल आणि तांबडे रोडावले असेल. बाहेर न जाता तिला कळते. दुसऱ्या गीतात शरदातल्या सणाच्या संध्याकाळी नवरा जवळ नाही, आणि ती स्वतःला शेवंतीहून रोड झालेली म्हणते. फूल येथेही आहे, झिजणेही आहे. पण आता मोजणारी तीच आहे, त्या जुन्या तुतीवालीसारखी.

११२७ साली उत्तरेकडच्या जिन फौजांनी राजधानी घेतली, ती दक्षिणेकडे पळाली. ११२९ मध्ये नवरा गेला. पंधरा गाड्या पुस्तके बरोबर नेली होती, ती वाटेत जळाली, लुटली गेली, चोरीस गेली. त्या संग्रहाची हकीकत तिने नवऱ्याच्या ग्रंथाच्या उपसंहारात लिहून ठेवली आहे. काव्य नको असेल त्याने निदान ती वाचावी. म्हातारपणच्या एका गीतात पुन्हा शेवंती येते, या वेळी जमिनीवर ढीग होऊन पडलेली, आणि आता ती कोण खुडणार असे ती विचारते. तिचे स्वतःचे काव्यसंग्रह पुढे हरवले. आज जे मिळते ते इतरांनी आपापल्या संकलनांत उतरवून घेतले तेवढेच.